उन्हाळ्यात टायरची हवा कमी करावी का?

मे महिन्यातील भर दुपार. विदर्भातून जाणाऱ्या एका हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप. एक मोटार येऊन हवेच्या यंत्रापाशी उभी राहते. चालक काच खाली करतो आणि हवा भरणाऱ्या मुलाला सांगतो, "भाऊ, चारही चाकांची हवा बघ जरा. बत्तीसच्या वर असेल तर काढून टाक. उन्हाचे दिवस आहेत, टायर फुटायचा एखादा."

मुलगा व्हॉल्व्हला दाबमापक लावतो. काटा अडतीसवर जातो.

"अडतीस आहे, काका."

"बघ, म्हटलं नव्हतं? सोड सहा पौंड."

मुलगा व्हॉल्व्हमधली पिन दाबतो. फुस्स असा आवाज होतो, गरम हवेचा झोत बाहेर येतो आणि काटा बत्तीसवर उतरतो. चारही चाकांचा हाच सोपस्कार होतो. चालक निश्चिंत मनाने पुढच्या तीनशे किलोमीटरच्या प्रवासाला निघतो.

विद्यार्थी मित्रांनो, या चालकाने केले ते बरोबर की चूक? आपल्याकडे पुष्कळ अनुभवी माणसे त्याच्याच मताची आहेत. उन्हाने हवा प्रसरण पावते, टायरमधला दाब वाढतो, दाब फार वाढला की टायर फुटतो. तेव्हा उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, असा हा सरळ तर्क आहे. त्यातले पहिले दोन भाग बरोबरही आहेत. तिसऱ्या भागापाशी मात्र तो घसरतो, आणि ही घसरण जिवावर बेतू शकते. ती कोठे होते ते आपण हिशेब करून पाहू. त्यासाठी दाबाची व्याख्या आणि वायूंचा एक नियम एवढे भांडवल पुरेल.

गाडी कशावर उभी असते?

"टायरवर," असे उत्तर तुम्ही द्याल. पण टायरमधली हवा काढून टाकली तर तोच टायर चपटा होऊन रिम जमिनीला टेकू पाहते. म्हणजे गाडीचा बहुतेक सगळा भार पेलते ती हवा. टायर ही त्या हवेला धरून ठेवणारी पिशवी आहे म्हणा ना!

ही युक्ती तशी फार जुनी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवीत. धाव झिजू देत नसे, पण रस्त्यावरचा प्रत्येक दगड गाडीत बसलेल्याच्या पाठीला कळे. हवेवर चालणाऱ्या चाकाचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉम्सन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ सालीच घेतले होते. पण ते मागे पडले. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली, आणि मग मात्र ती जगभर पसरली. ऊस वाहणारी टायरची बैलगाडी ही तिचीच एक शाखा.

आता आकडे घेऊ. हवेच्या यंत्रापाशी लोक 'बत्तीस पौंड' म्हणतात ते दर चौरस इंचावर बत्तीस पौंड या अर्थाने. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी टायरच्या बाबतीत पौंड आणि इंच यांनी आपले ठाण सोडलेले नाही. मेट्रिकमध्ये ३२ पौंडांचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोग्रॅम. माणसांसह मोटारीचे वजन १,२०० किलोग्रॅम आहे आणि ते चारही चाकांवर सारखे वाटले गेले आहे असे धरू. प्रत्येक चाकावर ३०० किलोग्रॅम आले. दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोग्रॅम पेलले जात असतील, तर ३०० किलोग्रॅम पेलायला ३०० ÷ २.२५ म्हणजे सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकलेली हवी. साध्या पोस्टकार्डाची लांबी १४ आणि रुंदी ९ सेंटिमीटर असते. त्याचे क्षेत्रफळ होते १२६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ती सबंध मोटार चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभी आहे! वळताना, ब्रेक लावताना तिची रस्त्यावरची जी काही पकड असते ती एवढ्याच जागेतून मिळते.

हवा कमी केली म्हणजे काय होते? भार तेवढाच राहतो, दाब घटतो. तेव्हा टेकलेली जागा वाढलीच पाहिजे. ती वाढण्यासाठी टायर अधिक बसतो, त्याच्या बाजूच्या भिंती अधिक फुगतात आणि वाकतात. हे 'अधिक वाकणे' ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

सायकलीवरचा एक प्रयोग

वर सांगितलेले गणित कागदावर राहू नये म्हणून हा प्रयोग जरूर करा. सायकल, आलेख कागद आणि वजनकाटा एवढेच साहित्य लागेल. सोबतीला दोन मित्र हवेत, कारण सायकल सरळ धरून ठेवणे हे एकट्याचे काम नव्हे.

प्रथम मागच्या चाकावर किती भार येतो ते काढा. मागचे चाक वजनकाट्यावर ठेवा आणि पुढचे चाक तेवढ्याच उंचीच्या विटेवर किंवा पाटावर. एकाने सायकलीवर बसावे, पाय पायडलवर ठेवावे. दोघांनी तोल सांभाळावा. काटा काय दाखवतो ते लिहून घ्या. शाळेत काटा नसेल तर धान्याच्या दुकानातला मोठा काटा चालेल, मात्र गिऱ्हाइकांची गर्दी नसेल तेव्हा जा.

आता गुळगुळीत फरशीवर आलेख कागद पसरा. मागच्या टायरच्या एका भागावर नीळ कालवलेले दाट पाणी किंवा शिक्क्याची शाई पुसा. टायरचा तो भाग अलगद कागदावर टेकवा, सायकलस्वाराला बसू द्या, उतरू द्या आणि चाक सरळ वर उचला. चाक जरादेखील पुढेमागे हलता कामा नये. कागदावर लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असा ठसा उमटेल. त्याची बाहेरची कडा पेन्सिलीने जोडून आतील चौरस मोजा. टायरवरच्या खाचांमुळे मध्ये कोरी जागा राहील. ती वगळू नका. हवेचा दाब टायरच्या आतल्या बाजूवर असतो, आणि तिथे खाचा नसतात.

समजा, मागच्या चाकावर ४६ किलोग्रॅम भार आहे आणि ठशाचे क्षेत्रफळ १६ चौरस सेंटिमीटर भरले. ४६ ला १६ ने भागले की २.८७ येतात. दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम म्हणजे सुमारे १४.२ पौंडांचा दाब. तेव्हा टायरमध्ये ४१ पौंडांच्या आसपास हवा आहे. दाबमापक न वापरता तुम्ही टायरचा दाब मोजलात! मग थोडी हवा सोडून तोच प्रयोग पुन्हा करा. ठसा २३ चौरस सेंटिमीटर आला, तर दाब २८ पौंडांवर उतरला असे समजा. दोन्ही ठसे शेजारी ठेवून पाहा. ठसा रुंदीपेक्षा लांबीने अधिक वाढलेला दिसेल.

सायकलच्या दुकानात जाऊन दाबमापकाने पडताळा घ्याल तर तुमचे उत्तर थोडेसे जास्त आलेले आढळेल. यात तुमची चूक नाही. टायरच्या रबराला आणि त्यातील दोऱ्यांना स्वतःचा ताठपणा असतो, आणि भाराचा काही वाटा ते परस्पर उचलतात. फरक फारच मोठा आला तर मात्र चौरस पुन्हा मोजा.

काट्यावरचे शून्य

आता वायूचा नियम. बंद भांड्यातील वायूचे घनफळ बदलले नाही, तर त्याचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. निरपेक्ष तापमान काढण्यासाठी सेल्सिअस अंशांत २७३ मिळवायचे. टायरचे घनफळ फारसे बदलत नाही, म्हणून हा नियम इथे बिनदिक्कत लावता येतो.

पण एका ठिकाणी हुशार विद्यार्थीही फसतात. पंपावरच्या दाबमापकाचा काटा शून्यावर असतो तेव्हा टायर निर्वात नसतो. त्यात बाहेरच्याइतक्याच दाबाची हवा असते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पौंड असतो. दाबमापक फक्त त्याच्यावरचा दाब दाखवतो. म्हणून काटा ३२ दाखवत असेल तेव्हा आतल्या हवेचा खरा दाब ३२ + १४.७ = ४६.७ पौंड असतो. नियम लावायचा तो या आकड्याला. शेवटी १४.७ वजा केले की काट्यावरचे उत्तर मिळते.

आपल्या मोटारीकडे वळू. चालकाने पहाटे घरी, हवा ३० अंश सेल्सिअस असताना, बरोबर ३२ पौंड हवा भरली होती असे धरू. दुपारी वेगाने धावून टायरमधली हवा ७० अंशांपर्यंत तापली. तेव्हा

४६.७ × (३४३ ÷ ३०३) = ५२.९

आणि काट्यावर ५२.९ − १४.७ = ३८.२ पौंड. पंपावरच्या मुलाला अडतीस दिसले ते यामुळे. चाळीस अंश तापमान वाढूनही दाब सहाच पौंडांनी वाढला, हे नीट पाहा. धडधाकट टायर आपल्या नेहमीच्या दाबाच्या कित्येक पट दाब सोसू शकतो. गाडी धावताना दाब असा वाढणारच, हे तो बनवणाऱ्यांना ठाऊक असते, आणि त्यासाठी पुरेशी सवड ठेवूनच तो बनवलेला असतो. सहा पौंडांनी त्याचे काही बिघडत नाही.

आता चालकाने केलेला उद्योग पाहा. ७० अंशांवर त्याने काटा ३२ वर आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर पुन्हा ३० अंशांवर येतो तेव्हा

४६.७ × (३०३ ÷ ३४३) = ४१.३

म्हणजे काट्यावर २६.६ पौंड. ज्या गाडीला ३२ पौंड लागतात ती आता साडेसव्वीस पौंडांवर धावणार. तेही चारही चाकांवर, मे महिन्यात.

टायर तापतो कशाने?

"पण हवा कमी असली तर दाब कमी, मग फुटण्याची भीतीही कमीच ना?" ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मिळण्यासाठी टायर मुळात तापतो कशाने हे पाहिले पाहिजे. उन्हाने आणि तापलेल्या रस्त्याने तो तापतो हे खरेच; पण वेगात असताना त्याचा मोठा शत्रू त्याच्या आतच असतो.

एक जाड रबर बँड घ्या. तो झटकन ताणा आणि लगेच ओठाला लावा. तो किंचित कोमट लागेल. आता लोखंडाची एक बारीक तार घेऊन ती एकाच जागी वीस-पंचवीस वेळा मागेपुढे वाकवा आणि वाकवलेल्या जागी बोट लावा. चांगलाच चटका बसेल. आणखी काही वेळा वाकवली तर तार तुटेल. पदार्थ वाकवताना आपण खर्च केलेली सगळी ऊर्जा तो सरळ होताना परत देत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने त्याच्यातच राहतो. रबर स्थितिस्थापक खरे, पण तेही या नियमातून सुटलेले नाही.

टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो चपटा होतो, त्याच्या वरच्या भिंती वाकतात; चाक फिरून तो भाग वर गेला की पुन्हा पूर्ववत होतो. मोटारीच्या चाकाचा परीघ १.९ मीटर धरा. ताशी १२० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ३३ मीटरांच्या थोडे वर. चाकाचे सेकंदाला साडेसतरा फेरे झाले. टायरची प्रत्येक जागा मिनिटाला हजाराहून अधिक वेळा वाकते आणि सरळ होते! आपला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. या एका प्रवासात टायर साडेतीन लाखांहून अधिक वेळा वाकतो. पूर्वी चौकाचौकांत, गावागावांत गाडी थांबे; टायरला निवायला वेळ मिळे. अशा रस्त्यावर ती सवड राहिलेली नाही, म्हणून आपले हे गणित आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे.

मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता आठवा. हवा कमी असली की टायर अधिक वाकतो. अधिक वाकला की प्रत्येक फेऱ्यात अधिक उष्णता साठते. मे महिन्यात भोवतालची हवाही तापलेली, रस्ताही तापलेला. मग ही उष्णता बाहेर टाकायची कोठे? रबर तापत जाते. टायरच्या आत रबरात गुंफलेले दोरे आणि पोलादी तारांचे पट्टे असतात. तापमान शंभर अंशांच्या बरेच वर गेले की रबराची त्यांच्यावरची पकड ढिली होऊ लागते. थर सुटतात, एखाद्या जागी भिंत कमजोर होते, आणि मग अगदी साध्या दाबालाही ती फाटते. बाहेरून पाहणाऱ्याला 'उन्हाने हवा वाढली आणि टायर फुटला' असेच वाटते. फुटताना आवाज होतो तो हवेचा, म्हणून दोषही हवेच्याच माथी! बहुधा फुटण्याचे मूळ हवा कमी असण्यात असते.

उलट, पहाटे योग्य हवा भरलेला टायर आपला आपण सावरतो. धावताना तो तापतो, दाब पाच-सहा पौंडांनी वाढतो, वाढलेल्या दाबाने तो थोडा ताठ होतो, त्यामुळे कमी वाकतो आणि तापणे आपोआप आटोक्यात राहते. चालकाने पंपावर जे सहा पौंड सोडले ते टायरने स्वतःच्या बचावासाठी कमावलेले होते.

हे पुस्तकी बोलणे नाही. अमेरिकेत ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीवर बसवलेल्या या टायरांचे वरचे थर वेगात असताना सुटून येत आणि गाडी उलटे. २७० हून अधिक माणसे या अपघातांत दगावली. दोष कोणाचा यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला, आणि सरकारी तपासात टायरच्या रचनेतही उणिवा आढळल्या. पण आपल्या दृष्टीने दोन गोष्टी बोलक्या आहेत. अपघात प्रामुख्याने टेक्सास, अ‍ॅरिझोना, फ्लॉरिडा, कॅलिफोर्निया अशा उष्ण राज्यांत घडले. आणि गाडीच्या पुस्तिकेत हवा २६ पौंड ठेवण्याची सूचना होती, जी पुढे ३० करण्यात आली. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला. हवा जास्त झाल्याचा इशारा द्यावा असे काही कायद्याने मागितले नाही.

मग उन्हात सायकल फुटते ती का?

आता तुमच्यापैकी कोणीतरी हात वर करील. "सर, शाळेबाहेर उन्हात लावलेल्या सायकलीची ट्यूब फटकन फुटते, हे आम्ही ऐकले आहे. ती तर वाकतही नव्हती!" प्रश्न चांगला आहे. हिशेब करू. सकाळी ३० अंशांवर ४५ पौंड हवा भरली. उन्हात काळा टायर ६० अंशांपर्यंत तापला. ५९.७ × (३३३ ÷ ३०३) = ६५.६, काट्यावर ५१ पौंड. सहाच पौंडांची वाढ. चांगला टायर एवढ्याने फुटणार नाही. फुटलेली सायकल नीट पाहा : टायरची कड रिममधून निसटलेली असेल, भिंतीचे दोरे उसवून आतली ट्यूब फोडासारखी बाहेर आलेली असेल, किंवा पंक्चरचे ठिगळ उन्हाने सोल्युशन मऊ होऊन सुटलेले असेल. शिवाय हातपंपाने 'दगडासारखी' हवा मारण्याची हौस असतेच. पडू घातलेल्या भिंतीला उन्हाने शेवटचा धक्का दिला एवढेच. इलाज टायर बदलण्याचा आहे.

उन्हाळ्यात हवा कमी करण्याच्या समजुतीत एक खरा कणही आहे, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर ३२ पौंड भरलेला टायर मेच्या पहाटे ३० अंशांवर ३५ च्या वर दाखवील. तेव्हा थंड टायरमधून ते तीन पौंड सोडायला काहीच हरकत नाही. पण मधल्या चार महिन्यांत रबरातून हळूहळू झिरपून महिन्याला पौंडभर हवा गेलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात सोडायला बहुधा काही उरतच नाही.

तर मग किती?

योग्य दाब ठरतो तो मुख्यतः भारावरून. दाब एवढा हवा की त्या भाराखाली टायर ठरावीक मर्यादेतच वाकेल. म्हणूनच एकाच गाडीला दोन आकडे दिलेले असतात. मोटारीत चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की चौकटीवर एक चिठ्ठी दिसते; काही गाड्यांत ती पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागे असते. दोनच माणसे असतील तर किती आणि पाचही माणसे व सामान असेल तर किती, हे तिच्यावर छापलेले असते. स्कूटर व मोटारसायकलच्या पुस्तिकेत मागच्या चाकासाठी एकट्याचा आकडा वेगळा आणि डबलसीटचा वेगळा असतो. दोहोंत चार-सात पौंडांचा फरक असणे नवलाचे नाही. लग्नाला सगळे कुटुंब आणि आहेराच्या पिशव्या घेऊन निघालेली गाडी एकट्याच्या आकड्यावर चालवली, तर मघाचेच गणित उलट्या बाजूने लागू होते : दाब तोच, भार जास्त, वाकणे जास्त.

टायरच्या भिंतीवरही एक मोठा आकडा उठावात लिहिलेला असतो. तो त्या टायरने सोसायचा कमाल दाब. हवा भरणारे पुष्कळ जण त्यालाच योग्य दाब समजतात. एकच टायर निरनिराळ्या वजनांच्या गाड्यांना बसतो. टायर बनवणाऱ्याला तुमची गाडी ठाऊक नसते. जरुरीपेक्षा जास्त हवा असली तर टायरचा मधलाच पट्टा जमिनीला टेकतो आणि तोच झिजतो, पकड घटते, खड्ड्याचा आघात थेट भिंतीवर येतो. कमी हवेच्या टायरची दोन्ही बाजूंची कड झिजते. वडिलांच्या गाडीचे टायर पाहून हा निदानाचा खेळ तुम्ही खेळू शकता.

शेतकऱ्यांच्या मुलांना ट्रॅक्टरचे उदाहरण जवळचे वाटेल. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरात शेतात काम करताना बारा-पंधरा पौंडच हवा ठेवतात. तिथे मोठा ठसा मुद्दाम हवा असतो : भार पसरतो, माती घट्ट दाबली जात नाही, चाक घसरत नाही. वेग कमी असल्याने तापण्याची काळजी नाही. तोच ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याने कारखान्याला निघाला की हवा वाढवायला हवी. मालमोटारींच्या आणि बसच्या टायरात तर शंभर पौंडांहूनही अधिक दाब असतो. 'योग्य दाब' नावाचा एकच आकडा नाही तो असा.

हा आकडा नेहमी थंड टायरचा असतो. गाडी तीनएक तास उभी असेल किंवा दोन किलोमीटरहून कमी चालली असेल तर टायर थंड समजावा. घराजवळच्या पंपावर सकाळी हवा तपासणे सर्वांत चांगले. वाटेत तापलेल्या टायरात हवा भरणे भागच पडले, तर छापील आकड्यापेक्षा चार पौंड जास्त भरावी आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा पाहावी. गरम टायरातून हवा सोडू नये.

नायट्रोजनचे काय, असे हल्ली सगळेच विचारतात. पंपावर त्याचे वेगळे पैसे घेतात आणि 'हा वायू तापत नाही' असे सांगतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि वर वापरलेला नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. यंत्रातल्या हवेत पाण्याची वाफ असते, ती कोरड्या नायट्रोजनमध्ये नसते, आणि तो रबरातून किंचित सावकाश झिरपतो, फायदा एवढाच. दर पंधरवड्याला दाब तपासणाऱ्याला साधी हवा पुरते.

जाता जाता एक उदाहरण तुमच्यासाठी. मुंबईत ३० अंशांवर ३२ पौंड हवा भरलेली गाडी महाबळेश्वरला जाऊन रात्रभर उभी राहिली. तिथे पहाटे २० अंश तापमान आहे आणि वातावरणाचा दाब सुमारे १२.५ पौंड. थंडीने आतला दाब घटतो, पण बाहेरचाही घटलेला असतो, काट्यावर ३२.७ येतात, म्हणजे जवळजवळ तेवढेच! आता तीच गाडी ५ अंश तापमानाच्या पहाटे लेहला उभी आहे असे समजा. तिथे वातावरणाचा दाब सुमारे ९.५ पौंड असतो. काटा किती दाखवील? तुमचे उत्तर ३३ च्या आसपास यायला हवे, १४.७ च्या जागी ९.५ वजा करायला विसरलात तर ते २८ येईल.